नागरी समन्वेषण

नागरी समन्वेषण : शहरातील किंवा शहरालगतच्या मानवनिर्मित, परंतु सर्वसामान्यांच्या नजरेआड असलेल्या अथवा त्यांना मज्जाव असलेल्या जागा हौसेने शोधून काढणे, त्यांत शिरून त्यांचे निरीक्षण करणे व बहुधा त्यांची छायाचित्रे घेणे, या छंदास नागरी समन्वेषण म्हणतात. ओस पडलेले कारखाने व रुग्णालये, वापरातून गेलेली रेल्वेस्थानके, जुन्या खाणी, सांडपाण्याची भुयारे, पर्जन्यजलाचे भूमिगत नाले, पूल आणि उंच इमारतींचे माथे ही या छंदाची नेहमीची क्षेत्रे होत. इंग्रजीत यास ‘अर्बन एक्सप्लोरेशन’ म्हणतात. टोराँटो (कॅनडा) येथील जेफ चॅपमन (१९७३–२००५) याने ‘निंजालिशस’ या टोपणनावाने १९९६ पासून काढलेल्या इन्फिल्ट्रेशन या लहानशा नियतकालिकामुळे या संज्ञेचा प्रसार झाला.

गिर्यारोहण, गुहासंशोधन किंवा महाराष्ट्रातील दुर्गभ्रमण यांच्याशी या छंदाचे वरवर साम्य असले, तरी एक भेद मूलभूत आहे. डोंगर चढणाऱ्याची गाठ मुख्यतः निसर्गाशी असते. नागरी समन्वेषक ज्या जागेत पाऊल टाकतो, ती कोणाच्या तरी मालकीची वा ताब्यातील असते, आणि जागा पडीक झाली म्हणून तिच्यावरील मालकी हक्क लोपत नाही. यामुळे धोका, कायदा आणि लौकिक हे तिन्ही प्रश्न येथे एकमेकांत गुंतलेले आढळतात. जागा बंद केलेली असते ती पुष्कळदा धोकादायक म्हणूनच. ती बंद असल्याने तेथील प्रवेश बेकायदेशीर ठरतो; बेकायदेशीर म्हणून तो गुपचूप व बहुधा रात्री केला जातो; आणि कोणालाही न सांगता गेलेल्या माणसास अपघात झाला, तर त्याचा शोध उशिरा सुरू होतो. म्हणजे मूळचा धोका टाळण्यासाठी घातलेली बंदीच तो धोका मोडणाऱ्याच्या वाट्याला दुपटीने आणते.

जाणत्या समन्वेषकांचा एक अलिखित आचारधर्म आहे. छायाचित्राखेरीज काही नेऊ नये, पाउलखुणेखेरीज काही ठेवू नये, कुलूप वा दार मोडू नये आणि आत जाण्याची वाट उघड करू नये, असे त्याचे स्वरूप असून त्यातील पहिला भाग गुहासंशोधकांकडून घेतलेला आहे. हा आचारधर्म वास्तूचे रक्षण करतो यात शंका नाही. मात्र तो पाळणाऱ्याचे कायद्यापासून रक्षण करीत नाही व विषारी हवेपासून तर मुळीच नाही.

पूर्वेतिहास : फ्रेंच छायाचित्रकार नादार (१८२०–१९१०) याने १८६१ च्या सुमारास विजेच्या कमानदिव्यांच्या प्रकाशात पॅरिसमधील अस्थिभांडाराची व सांडपाण्याच्या भुयारांची छायाचित्रे घेतली. चित्रणास लागणारा वेळ इतका मोठा होता, की कामगारांच्या जागी त्याला बाहुले उभे करावे लागले. नादारजवळ परवानगी होती. पण अंधाऱ्या भुयारातील दृश्य घरबसल्या पाहण्याची गोडी लोकांना लावण्याचे बरेचसे श्रेय त्याच्याकडे जाते. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या विद्यार्थ्यांत इमारतींची छपरे व भुयारे धुंडाळण्याची परंपरा जुनी आहे. सॅन फ्रॅन्सिस्कोत १९७७ मध्ये ‘सुइसाइड क्लब’ हे भयप्रद नावाचे मंडळ निघाले. त्याचे सभासद आत्महत्या करीत नसत, तर पुलांवर चढणे, भुयारांत उतरणे असले उपक्रम करीत. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९८६ मध्ये स्थापन झालेला ‘केव्ह क्लॅन’ हा गट प्रामुख्याने पर्जन्यजलाच्या नाल्यांत उतरणाऱ्यांचा. पावसाचे चिन्ह असताना नाल्यात उतरू नये, हा त्याचा पहिला नियम पुढे इतर देशांतील गटांनीही स्वीकारला.

पॅरिसच्या भूमिगत खाणी : या छंदाचा सर्वांत जुना व सर्वांत बोधप्रद इतिहास पॅरिसचा आहे. शहराखाली, विशेषतः सेन नदीच्या डाव्या तीरावरील वस्तीखाली, चुनखडकाच्या जुन्या खाणींची सु. ३०० किमी. लांबीची भुयारे पसरलेली आहेत. मध्ययुगीन पॅरिसच्या अनेक वास्तूंचा दगड अशा खाणींतून निघाला. खाणी प्रारंभी वेशीबाहेर होत्या. शहर वाढत गेले, तशी घरे त्यांच्या छतावर उभी राहिली आणि पायाखाली पोकळी आहे, ही गोष्ट विस्मृतीत गेली. १७ डिसेंबर १७७४ रोजी दांफेर रस्त्याचा मोठा भाग खचून खाली गेला, तेव्हा तिची पुन्हा आठवण झाली. सोळाव्या लूईच्या शासनाने ४ एप्रिल १७७७ रोजी खाणींच्या तपासणीसाठी स्वतंत्र खाते स्थापन केले आणि वास्तुविशारद शार्ल-आक्सेल गियोमो (१७३०–१८०७) यास त्याचे प्रमुख नेमले. वरच्या रस्त्याच्या बरोबर खाली भुयार काढून दगडी भिंतींनी त्यास आधार द्यावयाचा, अशी त्याची पद्धत होती. प्रत्येक आधारभिंतीवर कामाचा क्रमांक, प्रमुखाचे आद्याक्षर व वर्ष कोरले जाई. अनेक ठिकाणी वरच्या रस्त्याचे नावही. त्यामुळे वरच्या नगराची एक प्रतिकृतीच खाली तयार झाली, आणि पुढे वर बदलली गेलेली कित्येक जुनी नावे खाली दगडावर शिल्लक राहिली. हे खाते अद्यापही कार्यरत आहे.

या जाळ्याच्या एका छोट्या भागात शहरातील दफनभूमींतील अस्थी हलविण्यात आल्या. हे काम १७८५–८६ मध्ये सुरू झाले. सु. साठ लाख माणसांच्या अस्थी तेथे असाव्यात, असा अंदाज केला जातो. ‘कॅटकोम’ म्हणून प्रसिद्ध असलेले हे अस्थिभांडार १८०९ पासून लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. प्रवाशांना दाखविली जाणारी वाट जेमतेम दीड किलोमीटरची आहे. उरलेल्या भुयारांत परवानगीवाचून जाण्यास २ नोव्हेंबर १९५५ च्या आदेशान्वये मनाई आहे.

मनाईला आधार आहे. चुनखडकाचे छत एकदम कोसळतेच असे नाही. त्याचे थर खालून एकेक करून गळतात आणि पोकळी घंटेच्या आकारात हळूहळू वर सरकत जाते. शेवटचा पातळ थर फुटला, की भूपृष्ठावर अकस्मात खड्डा पडतो. अशा पोकळीखाली उभ्या असलेल्या माणसाला वरचा दगड किती दिवसांचा सोबती आहे, हे कळण्याचे साधन नसते. पॅरिसच्या उपनगरातील क्लामार येथे १ जून १९६१ रोजी खडूच्या जुन्या खाणी कोसळल्या आणि त्यांवरील वस्ती खचून २१ माणसे मृत्युमुखी पडली. हे सर्व लोक वर राहणारे होते, खाली फिरणारे नव्हते. पण खाणीची जागा निर्धोक असल्याचा भ्रम या घटनेनंतर टिकणे अवघड झाले.

भुयारांतील सर्वांत प्रसिद्ध बळी त्याहून कितीतरी जुना आहे. व्हाल-द-ग्रास रुग्णालयाचा द्वारपाल फीलीबेर आस्पेर हा १७९३ च्या नोव्हेंबरात खाली उतरला व परतला नाही. त्याचा सांगाडा अकरा वर्षांनी, १८०४ मध्ये, सापडला आणि कमरेच्या किल्ल्यांवरून त्याची ओळख पटली. जवळच्या मठातील मद्याच्या तळघराच्या शोधात तो गेला होता, ही कथा बहुधा नंतरची आहे. तो जेथे सापडला, तेथेच त्याचे थडगे बांधले असून आजचे हौशी भटके तेथे आवर्जून जातात. सु. वीस मीटर खोलीवर तापमान वर्षभर १४° से.च्या आसपास असते. उन्हाळ्यात वरून उतरणाऱ्यास ते सुखद वाटते. ओल्या कपड्यांनी दोन दिवस अडकून पडलेल्याच्या शरीरातील उष्णता मात्र तेच काढून घेते. जून २०१७ मध्ये दोन किशोरवयीन मुले तेथे वाट चुकली. तीन दिवसांनी शोधपथकाच्या कुत्र्यांनी त्यांना हुडकले, तेव्हा अतिशीततेमुळे त्यांना रुग्णालयात हलवावे लागले.

या भुयारांत नियमाने उतरणाऱ्यांना फ्रेंचमध्ये ‘कॅटफील’ (कॅटकोमप्रेमी) म्हणतात. १९७० नंतर त्यांची संख्या वाढली. त्यांनी नकाशे काढले, भिंती रंगविल्या, दगडी बाके घडविली. ‘ला प्लाज’ (सागरतीर) नावाच्या दालनात जपानी चित्रकार होकुसाई याच्या प्रसिद्ध लाटेची मोठी अनुकृती आहे. त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी पोलिसांचे खास पथक नेमण्यात आले. पकडलेल्यास सामान्यतः ६० यूरो दंड होतो. दंड नाममात्र ठेवणे, पण ज्ञात प्रवेशद्वारे बुजवीत राहणे, असे तेथील शासनाचे धोरण दिसते. त्यात व्यवहारज्ञान आहे. जुन्या भटक्यांना ही भुयारे उत्तम माहीत असतात. त्यांना अट्टल गुन्हेगारांच्या रांगेत बसविल्यास नवख्यांना खालून वर आणण्यास कोणी उरणार नाही.

सप्टेंबर २००४ च्या सुमारास पॅले द शायो या वास्तूखालील खाणीत पोलिसांना पडदा, आसने व उपाहारगृह यांनी सज्ज असे एक चित्रपटगृहच आढळले. विजेचा पुरवठा कोठून घेतला आहे हे पाहण्यास तज्ज्ञांना घेऊन ते तीन दिवसांनी परत गेले, तेव्हा तारा कापलेल्या होत्या व शोध घेऊ नका, अशी चिठ्ठी मागे होती. याच वर्तुळातील ‘उंटरगुंटर’ या गटाने २००५–०६ मध्ये त्याहून विलक्षण काम केले. पाँतेआँ या राष्ट्रीय स्मारकातील एकोणिसाव्या शतकातील मोठे घड्याळ अनेक वर्षे बंद पडले होते. या गटातील लोकांनी चोरून आत शिरून, घुमटाखालच्या पोटमाळ्यावर कार्यशाळा थाटून, एका व्यावसायिक घड्याळजीच्या हाताखाली सु. वर्षभरात ते दुरुस्त केले. आणि काम पुरे झाल्यावर स्मारकाच्या व्यवस्थापकास स्वतःच ते कळविले. स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने त्यांच्यावर खटला भरला, तथापि न्यायालयाने २००७ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले. शासनाने ज्याची हेळसांड केली, ते घुसखोरांनी सांभाळले, असा या प्रकरणाचा अर्थ लावण्यात येतो व तो खोटा नाही. पण ज्या वाटेने घड्याळ दुरुस्त करणारा आत जातो, त्याच वाटेने ते पळविणाराही जाऊ शकतो, ही संस्थेची अडचणही तितकीच खरी होती.

धोके : नागरी समन्वेषणातील अपघात म्हटले, की उंचावरून पडणे डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात सर्वांत फसवा शत्रू हवा हा आहे. बंदिस्त जागेत गंजणारे लोखंड व कुजणारे सेंद्रिय पदार्थ हवेतील ऑक्सिजन खाऊन टाकतात. हवेत त्याचे प्रमाण एरवी सु. २१ टक्के असते; ते निम्म्यावर आले, की माणसाची शुद्ध हरपते आणि पुष्कळदा धाप लागण्याची पूर्वसूचनाही मिळत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड जड असल्याने खोलगट भागात साठतो. सांडपाण्याच्या भुयारातील हायड्रोजन सल्फाइडास प्रथम कुजक्या अंड्यांचा दर्प येतो. पण प्रमाण वाढले, की घ्राणेंद्रियच बधिर होते व वास नाहीसा झाला म्हणजे वायू गेला, अशी घातक समजूत होते. कार्बन मोनॉक्साइडास तर वासच नाही. अमेरिकेतील सेंट पॉल (मिनेसोटा) येथे मिसिसिपी नदीकाठच्या मानवनिर्मित गुहांत एप्रिल २००४ मध्ये तीन किशोरवयीन मुले याच वायूने मरण पावली. धूळ गाळणारा मुखवटा यांपैकी कोणत्याही वायूपुढे निरुपयोगी असतो. बेशुद्ध पडलेल्यास वाचविण्यासाठी मागोमाग उतरलेला माणूसही दगावतो, असा अशा दुर्घटनांचा ठरीव क्रम आहे. महाराष्ट्रात विहिरीचा गाळ काढताना घडणाऱ्या दुर्घटनांच्या बातम्या वाचणाऱ्यास तो अपरिचित नाही.

पडीक इमारतीत छताची गळती हे विनाशाचे मूळ असते. पाणी मुरून लाकडी तक्तपोशी आतून कुजते. वरचे आच्छादन मात्र शाबूत दिसते. तुळई ज्या रेषेत आहे तेथूनच चालणे, जिन्यावर भिंतीकडेचा पाय ठेवणे, ही अनुभवी लोकांची पथ्ये त्यामुळेच पडली. सलोह काँक्रीटमधील सळ्या गंजल्या, की फुगतात व काँक्रीट सोलून टाकतात. उद्‌वाहकाचे उघडे कूप, झाकण नसलेल्या टाक्या आणि काळोखी पाण्याने भरलेली तळघरे यांत पडून होणारे मृत्यू विशेष दुर्दैवी म्हणावे लागतील; कारण साधा दुसरा दिवा जवळ असता, तर त्यांतले कित्येक टळले असते.

काही अपाय उशिरा दिसतात. विसाव्या शतकातील कारखाने, बाष्पित्रगृहे व रुग्णालये यांत उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टस सर्रास वापरले जाई. त्याचे तंतू फुप्फुसात गेल्यास होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग वीस ते चाळीस वा अधिक वर्षांनी प्रकट होतो. विशीतला छंद साठीत वसूल होतो. पारव्यांच्या व वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मोसिस हा कवकजन्य रोग होऊ शकतो.

पर्जन्यजलाच्या नाल्यात डोक्यावर ऊन असतानाही मृत्यू येऊ शकतो, कारण पाऊस काही किलोमीटर पलीकडे पडलेला असतो. काँक्रीटच्या गुळगुळीत नळात पाणी काही मिनिटांत चढते आणि हाताला धरण्यासारखे काही नसते. रेल्वेच्या बंद वाटणाऱ्या शाखेतील वाहक रूळ जिवंत असू शकतो. २५,००० व्होल्टच्या वरच्या तारेला तर हात लावण्याचीही गरज नसते; पुरेसे जवळ गेल्यास ठिणगी मधले अंतर ओलांडते.

कायदेशीर स्थिती : ‘नागरी समन्वेषण’ नावाचा गुन्हा बहुतेक देशांच्या विधिसंहितांत नाही. प्रवेश कसा केला, काही मोडले वा नेले काय आणि ती जागा विशेष संरक्षित आहे काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर सर्व अवलंबून असते. इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या जागेत नुसते शिरणे हा प्राचीन विधीप्रमाणे दिवाणी अपकृत्याचा विषय असून मालक नुकसानभरपाई वा मनाईहुकूम मागू शकतो. रेल्वेची हद्द आणि २००५ च्या अधिनियमान्वये घोषित केलेली संरक्षित स्थळे यांत शिरणे हा मात्र फौजदारी गुन्हा आहे. जर्मनीत कुंपणबंद मालमत्तेत अनधिकाराने शिरणे दंडसंहितेच्या कलम १२३ खाली येते, पण खटला मालकाच्या तक्रारीवरच चालतो. जपानमधील १९४८ च्या किरकोळ अपराधविषयक कायद्याचे पहिलेच कलम निर्मनुष्य व राखण नसलेल्या इमारतीत योग्य कारणाशिवाय दडून राहणाऱ्यास शिक्षा सांगते. ‘हाइक्यो’ (भग्नवास्तू) हिंडणाऱ्या तेथील हौशींना ते नेमके लागू पडते.

लंडनमधील एका प्रकरणाने या छंदाच्या कायदेशीर बाजूकडे विशेष लक्ष वेधले. बंद पडलेली भुयारी रेल्वेस्थानके धुंडाळणाऱ्या गटाबरोबर राहून ब्रॅडली गॅरेट या भूगोलज्ञाने विद्यापीठीय प्रबंध लिहिला. एप्रिल २०११ मध्ये, राजघराण्यातील विवाहाच्या ऐन तोंडावर, ऑल्डविच या बंद स्थानकात चौघांना पकडण्यात आले. २०१२ मध्ये गॅरेटलाही अटक झाली व त्याची संशोधनविषयक सामग्री जप्त करण्यात आली. नुकसान करण्याच्या कटाचा आरोप ठेवून चाललेल्या या खटल्याचा शेवट २०१४ मध्ये त्याच्या सशर्त मुक्ततेत झाला. नुसता प्रवेश गुन्हा नसला, की अभियोगपक्ष उचकटलेल्या फळीचा वा काढलेल्या खिळ्याचा आधार घेतो, हे यातून दिसले. समन्वेषक अभिमानाने जपतो ती छायाचित्रेच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतात, हेही.

अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यावी, हा स्वतंत्र प्रश्न आहे. घुसखोराप्रत मालकाचे काहीच कर्तव्य नाही, हा जुना कठोर नियम ब्रिटिश रेल्वेज बोर्ड विरुद्ध हेरिंग्टन (१९७२) या निवाड्यात सैल झाला. मोडक्या कुंपणातून रुळांवर गेलेला सहा वर्षांचा मुलगा विजेने होरपळला होता, आणि त्या कुंपणाची वाताहत रेल्वेस ठाऊक होती. सामान्य माणुसकीचे कर्तव्य घुसखोराप्रतही असते, असे हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ठरविले. पुढे १९८४ मध्ये तसा अधिनियमही झाला. परंतु टॉमलिन्सन विरुद्ध काँगलटन (२००३) या प्रकरणात त्याच न्यायपीठाने, उघड दिसणारा धोका जाणूनबुजून पत्करणाऱ्या प्रौढाचा भार मालकावर टाकता येणार नाही, असे स्पष्ट केले. छंद म्हणून आत शिरणारा प्रौढ या दुसऱ्या वर्गात मोडतो.

लौकिक : या छंदाविषयीचे लोकमत ज्यांच्या वागणुकीवर ठरते, त्यांतील बरेचजण समन्वेषक नसतात. तांब्याच्या तारा व नळ चोरणारे, आगी लावणारे, काचा फोडणारे आणि भिंती विद्रूप करणारे त्याच खिडकीतून आत जातात; पहारेकऱ्याला पाठमोऱ्या माणसातला फरक कळत नाही. अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर पूल, भुयारे व जलव्यवस्था यांच्या आसपास छायाचित्रण यंत्र घेऊन हिंडणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. अमेरिकेतील डिट्रॉइट शहराच्या ऱ्हासकाळात तेथील पडक्या नाट्यगृहांची व कारखान्यांची छायाचित्रे जगभर गाजली. स्थानिक रहिवाशांनी त्यांना ‘भग्नावशेषांचे अश्लील चित्रण’ अशा अर्थाचे नाव दिले. कारण त्या देखण्या चित्रांत शहरात अजून राहणारी माणसे कोठेच नव्हती. या चित्रांत नेहमी दिसणारे मिशिगन सेंट्रल हे रेल्वेस्थानक १९८८ मध्ये बंद पडले, २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने ते विकत घेतले आणि २०२४ मध्ये ते दुरुस्त होऊन पुन्हा उघडले. त्या चित्रांनी स्थानकाची आठवण जागती ठेवली, असे समर्थक म्हणतात. ती ठेवण्यास गावकरी समर्थ होते, असे टीकाकार.

तिसरी बाब प्रसिद्धीच्या लोभाची. गगनचुंबी इमारतींवर दोरीवाचून चढून आपले चित्रण प्रसृत करणारे तरुण २०१० नंतर झपाट्याने वाढले. चीनमधील वू योंगनिंग हा अशा चित्रणासाठी ख्यातनाम असलेला युवक नोव्हेंबर २०१७ मध्ये चांगशा येथील बासष्ट मजली इमारतीवरून पडून मरण पावला. त्याची चित्रणे दाखविणाऱ्या कंपनीलाही काही अंशी जबाबदार धरून बीजिंगच्या न्यायालयाने २०१९ मध्ये त्याच्या आईस ३०,००० युआन देवविले. जुन्या वळणाचे समन्वेषक या प्रकारास आपल्या छंदात धरीत नाहीत. पण पाहणाऱ्या जगाला हा भेद मान्य नाही, आणि जागेचे नाव उघड करू नये हा त्यांचा नियम नेमका याच प्रसिद्धीने निकालात निघाला. एखादी ओसाड हवेली गाजली, की पहिल्या वर्षी छायाचित्रकार येतात, दुसऱ्या वर्षी चोर.

प्रतिबंधित जागा पुढे प्रेक्षणीय स्थळ बनल्याचीही उदाहरणे आहेत. जपानमधील हाशिमा या बेटावर १९५९ मध्ये पाच हजारांहून अधिक लोक राहत होते. १९७४ मध्ये तेथील कोळशाची खाण बंद होऊन बेट निर्मनुष्य झाले. अनेक वर्षांच्या बंदीनंतर २००९ मध्ये ठरावीक मार्गाने प्रवाशांस प्रवेश मिळाला व २०१५ मध्ये जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतर (१९८६) रिकाम्या केलेल्या प्रीप्यत शहरात चोरून जाणाऱ्यांना ‘स्टॉकर’ म्हणत. युक्रेन शासनाने २०११ मध्ये तेथे मार्गदर्शकासह सहली सुरू केल्या, पण फेब्रुवारी २०२२ मधील रशियन आक्रमणाने त्या थांबल्या. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे १८४४ मध्ये बांधलेले व १८६१ मध्ये बुजविलेले रेल्वेचे भुयार बॉब डायमंड या तरुणाने १९८१ मध्ये जुन्या कागदपत्रांवरून शोधून काढले आणि पुढे कित्येक वर्षे तो लोकांना ते दाखवीत असे. अभिलेखागारातून सुरू होणारा हा मार्ग संथ खरा, परंतु त्याने ते भुयार राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाले.

भारतातील स्थिती : भारतात या छंदाचे संघटित स्वरूप फारसे नाही, ओस जागा मात्र पुष्कळ आहेत. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर मुंबईतील अनेक कापडगिरण्या कायमच्या थंडावल्या व त्यांच्या इमारती वर्षानुवर्षे पडून राहिल्या. कुलाब्याच्या मुकेश मिलचा उपयोग हिंदी चित्रपटांच्या चित्रणासाठी होत असे आणि तिच्याभोवती भुताखेतांच्या कथा जमल्या. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या, तीन किमी.हून खोल गेलेली त्यांची विवरे पाण्याने भरली असून सोने वेगळे करताना वापरलेल्या सायनाइडचा अंश असलेल्या चुऱ्याचे ढीग वर उभे आहेत. राजस्थानातील भानगढ येथे सूर्यास्त ते सूर्योदय प्रवेशबंदीचा पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा फलक आहे. या सरकारी सूचनेलाच लोकांनी भुतांचा दाखला मानल्याने रात्री तेथे शिरू पाहणाऱ्यांचा उत्साह मात्र वाढला.

भारतीय न्यायसंहिता, २०२३ (अंमल १ जुलै २०२४ पासून) हिच्या कलम ३२९ अन्वये फौजदारी अतिक्रमणास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. राहत्या घरात, अथवा मालमत्ता ठेवण्याच्या वा उपासनेच्या वास्तूत शिरल्यास कैद एक वर्षापर्यंत असू शकते. भारतीय दंडसंहितेच्या कलम ४४१ मधील व्याख्याच येथे चालू ठेवलेली असून, अपराध करण्याचा किंवा ताबेदारास धाकदपटशा, अपमान वा उपद्रव करण्याचा उद्देश सिद्ध व्हावा लागतो. केवळ कुतूहलाने आत गेलेल्यास हा बचाव उपलब्ध आहे. मात्र बाहेर जाण्यास सांगूनही त्याच उद्देशाने थांबल्यास तो टिकत नाही. रेल्वेच्या हद्दीतील अनधिकृत प्रवेश रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली दंडनीय आहे. संरक्षित स्मारकांस १९५८ चा अधिनियम लागू होतो, तर शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खालील निषिद्ध स्थळी छायाचित्र घेणे अतिशय गंभीर ठरू शकते.

पश्चिमी शहरांतील तरुण ज्या गटारांत साहस म्हणून उतरतात, तशाच गटारांत भारतातील सफाई कामगार पोटासाठी उतरत आले आहेत आणि गुदमरून मेले आहेत. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरविण्यास २०१३ च्या अधिनियमाने बंदी केली, तरी असे मृत्यू थांबलेले नाहीत. कोणत्या भुयारात हवा विषारी होते व ती किती वेळात माणूस पाडते, याचे या देशातील बहुतेक ज्ञान त्या कामगारांकडून आलेले आहे.